फळीवरचा प्रसाद

आत्याबाई न्हाणीत शिरल्या की मी त्यांचं कपाट उघडायची. सासूच्या कपाटात हात घालणारी सून म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर पाटल्या-बांगड्या येतात. मी चॉकलेटचे मोदक शोधत होते.

त्या दिवशीही लुगड्यांच्या घड्या उचकून झाल्या, औषधांचा डबा झाला, जपमाळेची पिशवी झाली. उशीचा अभ्रासुद्धा चाचपला. कुठे काही नाही. मागे वळले तर आत्याबाई दारात उभ्या. ओले केस पंच्यात गुंडाळलेले, चेहऱ्यावर राग नाही की आश्चर्य नाही.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

चोरी पकडली गेलीच होती, मग आडपडदा कशाला? "तुमच्या वाटणीचा प्रसाद," मी म्हटलं. "काल सकाळच्या आरतीला मूठभर मोदक घेतलेत, संध्याकाळीही घेतलेत. गेले कुठे?"

"प्रसाद जायचा तिथे गेला."

"खाल्लेत ना?"

"नाही." एवढंच म्हणून त्यांनी मला हाताने बाजूला सारलं आणि माझ्या हातून विस्कटलेल्या घड्या त्या नीट लावायला लागल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची रीत. त्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या छातीत धडधड सुरू झाली. बसल्या जागी ठोके जोरात पडायचे, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं: कडक चहा बंद, कॉफी बंद, चॉकलेट बंद. चॉकलेटचं ऐकून त्या हसल्या होत्या. त्यांच्या पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात चॉकलेट आलंच होतं कधी!

पण त्याच वर्षी मला अक्कल सुचली. कॅम्पात एका बाईंकडे मी चॉकलेट बनवायचा वर्ग केला आणि गणपतीत माझी कला दाखवायची ठरवली. बाजारातलं गोडमिट्ट चॉकलेट नव्हे, चांगलं काळं, कडसर, वरून कोकोची पूड घोळलेलं. साच्यातून काढले की असे चकचकीत मोदक निघायचे की माझंच मला कौतुक वाटायचं. आमच्या तबेल्यात घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांच्या पोरांनी उकडीच्या मोदकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तर हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले होते.

आता प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हा आत्याबाईंचा नेम. खाता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा, हेही त्यांना पटायचं नाही. देवाने दिलेलं आपल्याच हाताने मार्गी लावायचं. त्यामुळे आरती झाली की त्या ओंजळ पुढे करायच्या, मोदक पदरात बांधायच्या आणि "नंतर बघते" म्हणायच्या. त्या चोरून खातात अशी माझी खात्रीच होती. गंमत अशी की त्या गणपतीत त्यांना झोप छान लागत होती. चोरून चॉकलेट खाऊन जिची झोप सुधारते त्या बाईवर डॉक्टरांनी प्रबंध लिहायला हवा, असं मी ह्यांना म्हणाले. हे हसले नाहीत. ह्यांचं सगळं लक्ष आसावरीत होतं.

हे म्हणजे माझे यजमान, विश्वासराव शितोळे. रेसचे घोडे तयार करायचे, ट्रेनर होते. आमचं घर आणि तबेला एकाच आवारात, मधे फक्त परसाची भिंत आणि तिच्यात एक लाकडी फाटक. फाटकातून पाऊल टाकलं की लांबलचक गल्ली. गल्लीच्या कडेने घोड्यांच्या खोल्या, प्रत्येक खोलीला खालचं अर्धं दार आणि त्या दाराच्या डोक्यावर रुंद फळी. घोडे फळीवरून मान बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत उभे असायचे. आसावरीची खोली अगदी टोकाची. तांबूस रंगाची, चार वर्षांची घोडी, दिसायला देखणी आणि वागायला माहेरवाशिणीसारखी लहरी.

त्या फाटकाच्या पलीकडे आत्याबाई कधी गेल्या नव्हत्या, निदान आम्हाला तरी तसंच वाटत होतं. मामंजीही ट्रेनरच. सकाळच्या सरावात एका घोडीने त्यांना पाडलं, डोक्याला मार लागला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. हे तेव्हा कॉलेजात होते. आत्याबाईंना वाटलं, आता मुलगा नोकरी धरेल. ह्यांनी बापाचेच घोडे धरले. तेव्हापासून घरात घोड्याचा विषय बंद. हे तबेल्यातलं काही घरात बोलायचे नाहीत, आत्याबाई काही विचारायच्या नाहीत. पण कुठल्याही गोष्टीवरून वाजलं, भाजीत मीठ जास्त झाल्यावरून का असेना, की शेवटी आत्याबाईंचं एकच वाक्य: "त्या जनावरांनी तुझा बाप खाल्ला. आता मलाही घाल त्यांच्यापुढे." हे पान सोडून उठायचे. माझं लग्न झालं त्याच्या आधीपासून हे चालू होतं आणि मी त्यात पडायचं नाही हे लवकरच शिकले.

तबेल्याचा गणपतीसुद्धा आमच्या पडवीत बसायचा, कारण आत्याबाईंशिवाय आरती व्हायची नाही आणि आत्याबाई फाटक ओलांडायच्या नाहीत.

त्या गणपतीतल्या रविवारी सीझनमधली मोठी शर्यत होती आणि आसावरीने ती जिंकली. सगळ्यांच्या मागून निघून, शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूने येऊन जिंकली. इतक्या वर्षांत ह्यांच्या तबेल्यातल्या घोड्याने ती शर्यत मारली नव्हती. आसावरीचा मोतद्दार रंगा कोळेकर रडत होता. तो म्हसवडकडचा, घोड्याची पाठ स्वतःच्या पोराच्या पाठीसारखी चोळणारा माणूस. घरी आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला लागलं तर नाही ना?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणून त्या वाती वळायला बसल्या.

गणपती गेले. पितृपक्ष लागला आणि घरावर अवकळा आली. जिंकणाऱ्या घोड्याची लघवी तपासायला घेतात. आसावरीच्या तपासणीत बंदी असलेलं उत्तेजक निघालं, असं रेसच्या क्लबाने कळवलं. मला हे कळलं तेही ह्यांच्याकडून नाही, रंगाच्या बायकोकडून. ह्यांनी घरात फक्त एवढंच सांगितलं की थोडी भानगड आहे, आईच्या कानावर घालू नकोस.

भानगड थोडी नव्हती. घोड्याच्या पोटात काय गेलं याला ट्रेनरच जबाबदार, मग ते कुणीही घातलेलं असो, असा नियम होता. चुकून गेलं असं सिद्ध झालं तर काही काळ घरी बसावं लागायचं. मुद्दाम दिलं असं ठरलं तर परवाना कायमचा जायचा आणि परवाना गेला की ह्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. ह्यांना घोड्यांखेरीज काही येत नव्हतं. साधा विजेचा फ्यूज मी बदलायची.

हे पेटून शोधाला लागले. भुशाची पोती, पेंड, गूळ, औषधं, सगळं तपासायला पाठवलं. सगळं स्वच्छ निघालं. मग उरला तो संशय, आणि संशय नेहमी जवळच्या माणसावर आधी जातो. आसावरीच्या खोलीत रंगाशिवाय कुणी जात नव्हतं. क्लबाची माणसं रंगाला दोनदा बोलावून गेली. पैसे घेतलेस का, कुणी दिले, हेच फिरवून फिरवून विचारत होती. तो घोडीच्या गळ्याला हात लावून शपथा घेत होता. ह्यांचा आधी विश्वास होता त्याच्यावर. पण हे स्वतः बुडत होते आणि बुडणाऱ्याला दुसऱ्याच्या खांद्यावर पाय द्यावासा वाटतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एके दिवशी दुपारी हे म्हणाले, "उद्या क्लबाला सांगून टाकतो, रंगाखेरीज कोणी असणार नाही."

डॉक्टर सबनीस तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. घोड्यांचे डॉक्टर, ह्यांचे जुने मित्र. आत्याबाई कोपऱ्यात पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. आई बसलीय हे ध्यानात येऊन हे गप्प झाले, पण माझा धीर सुटला होता. मी सरळ डॉक्टरांना विचारलं, असं काय निघालं तरी काय त्या घोडीच्या अंगात?

"काही अफूबिफू नाही, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "थिओब्रोमीन म्हणून असतं. कोकोत असतं ते. चॉकलेटात."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

डॉक्टर सांगत गेले. चॉकलेटात दोन उत्तेजकं. एक कॉफीत असतं तेच, पण थोडं. दुसरं हे, भरपूर, आणि चॉकलेट जितकं काळं तितकं जास्त. छातीचे ठोके वाढवतं, लघवी वाढवतं, तरतरी आणतं. धडधाकट माणसाने दोन तुकडे खाल्ले तर काही होत नाही, आपलं शरीर त्याचा लवकर निचरा करतं. ज्याची छाती आधीच नाजूक त्याने जपावं. जनावराच्या अंगातून मात्र ते लवकर हलत नाही. कुत्र्याला तर विषच. घोडा मरत नाही, पण पुढचे काही दिवस लघवीत सापडतं. "आणि हे प्रमाण बघता," ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "एखाद्या दिवशी कुणी लाडाने तुकडा दिला असं नाही वाटत. रोज मिळत होतं तिला."

माझ्या डोळ्यांपुढे मोतद्दारांची पोरं आली. मी केलेले मोदक, त्यांच्या चिकट मुठी. त्यांनीच घोडीला चारले तर नसतील?

तेवढ्यात आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"डॉक्टर, तिला त्रास झाला का हो त्याने?"

"कुणाला? घोडीला?" डॉक्टर गोंधळले. "नाही. जरा धडधडलं असेल."

"जिवाला काही नाही ना?"

"एवढ्याने नाही."

"मग ते मी दिलंय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आई, तू तबेल्यात जात नाहीस," हे म्हणाले. लहान मुलाला समजावून सांगावं तसा ह्यांचा आवाज झाला होता.

"नाहीच जात. गल्लीतून जाते. दुपारी सगळे निजलेले असतात."

"पण का?"

"प्रसाद होता. मला बंद. टाकून द्यायचा का?" त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "रंगाला काही बोलू नकोस. त्याला ठाऊकसुद्धा नाही."

हे उठून परसात गेले. डॉक्टरांनी चहा संपवला, कारण दुसरं काय करावं हे त्यांनाही सुचत नव्हतं. जाताना त्यांनी माझ्याकडून उरलेली चॉकलेटची लादी तपासायला नेली. मला वाटलं, चला, सुटलो. नैवेद्याचं अन्न मुक्या जनावराला घालायची आपली रीतच आहे. गाय मिळाली नाही, घोडी मिळाली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला कुठला कायदा माहीत असणार?

पण क्लबापुढे म्हाताऱ्या आईला उभं करायचं ह्यांच्या जिवावर आलं. मीच दिलं असं सांगतो, म्हणाले. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की मग परवाना गेलाच समज, ट्रेनर स्वतः शर्यतीच्या घोडीला चॉकलेट चारतो याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. ह्यांनी आत्याबाईंना येऊ नकोस म्हणून सांगून पाहिलं. आत्याबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून पडवीत तयार होत्या. मोदक माझ्या हातचे म्हणून मलाही बोलावणं होतं.

क्लबाच्या त्या खोलीत भिंतीभर घोड्यांचे फोटो होते. टेबलापलीकडे तिघे बसलेले, मधले निवृत्त कर्नल मोहिते. त्यांनी आत्याबाईंना आधी खुर्ची दिली, पाणी विचारलं. माझी साक्ष झटपट झाली. साचा केवढा, कोको किती, चॉकलेट कुठलं, एवढंच. लादीचा तपास घोडीच्या अंगात सापडलेल्याशी जुळत होता. आत्याबाईंनी जे घडलं ते सांगितलं. कर्नल शांतपणे ऐकत होते.

मग त्यांनी टेबलावरचा कागद फिरवला. त्यावर आमच्या तबेल्याचा नकाशा होता.

"आजी, तुमच्या फाटकातून गल्लीत आलं की पहिली खोली कुणाची?"

"बादशहाची," आत्याबाई म्हणाल्या. बादशहा म्हणजे आमचा म्हातारा, आळशी घोडा.

"तिथून आसावरीच्या खोलीपर्यंत वाटेत पुष्कळ घोडे लागतात. तुमचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालता. प्रसादच द्यायचा तर पहिल्या घोड्याला देऊन परत फिरता आलं असतं. त्यातल्या एकाही घोड्याला दिला नाहीत. रोज फक्त आसावरीला दिलात, आणि शर्यत जिंकायची होती ती आसावरीच. का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. ह्यांच्याही आला नसावा. हे आईकडे बघत होते.

"याला बाहेर पाठवा," आत्याबाई ह्यांच्याकडे हात करून म्हणाल्या. "मग सांगते."

"तसं करता येणार नाही. परवाना त्यांचा आहे. तुम्ही सांगितलं नाहीत, तर घोडी मुद्दाम निवडली असंच आम्हाला धरावं लागेल."

"मुद्दामच निवडली," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या गृहस्थांनी लिहायला पेन उचललं. हे खुर्चीतून अर्धवट उठले. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि ह्यांच्याकडे न बघता टेबलाकडे बघून सांगितलं, "ती रागिणीची नात आहे."

रागिणी कोण, हे त्या खोलीत मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात ते नाव माझ्यासमोर कधीच उच्चारलं गेलं नव्हतं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या लक्षात आलं. मामंजींना पाडलं ती घोडी.

"तुला कुणी सांगितलं?" ह्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते ना. मान झटकते ती अगदी तशीच. आणलीस त्याच दिवशी ओळखली मी. तू लपवलंस, मी विचारलं नाही."

मग त्या कर्नलांकडे वळल्या. एरवी चार वाक्यं धड न बोलणारी बाई, पण त्या दिवशी थांबल्या नाहीत.

"हे गेले तेव्हा रागिणीला गोळी घाला म्हणून मी दिसेल त्याच्या पाया पडले होते. कुणी ऐकलं नाही. मग मी तिला शिव्याशाप दिले. तिला दिले, तिच्या पोटच्यांना दिले, सात पिढ्यांना दिले. रोज देवापुढे बसून दिले. तिचं काय चुकलं होतं? कशाला तरी भ्याली असेल. एवढं मला कळत नव्हतं असं नाही, पण राग धरून बसले. राग सोडला तर उरलं काय असतं माझ्याजवळ? आता ही तिची नात आमच्याच दारात येऊन उभी. इकडे माझं छातीचं निघालं. डॉक्टर म्हणतात जपा. मी म्हटलं, जायच्या आधी हे मिटवून टाकावं. भांडण मिटवायला रिकाम्या हाताने जातं का कोणी? देवाचा प्रसाद हातात होता, तिचं तोंड गोड केलं."

कर्नलांनी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली तर. मोदक फळीवर ठेवायची आणि चटकन मागे सरायची. ती खायची, मी बघायची. हात नाही लावला तिला. ते अजून होत नाही माझ्याने."

"तुमच्या मोदकांपायी तिची जिंकलेली शर्यत जाणार, आजी."

आत्याबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. "म्हणजे पुन्हा मीच तिची अपराधी," त्या म्हणाल्या.

निकाल दुपारीच कळला. शर्यत रद्द झाली. परवाना राहिला. ह्यांनी सीझन संपेपर्यंत तबेल्यात पाऊल टाकायचं नाही आणि घोडे तोवर दुसऱ्या ट्रेनरने बघायचे, असं ठरलं. आसावरीच्या मालकाने ती आमच्या तबेल्यातून हलवली नाही, हे नशीब. ह्यांनी त्याच दिवशी रंगाला घरी बोलावलं आणि सगळ्या मोतद्दारांसमोर त्याची माफी मागितली. रंगा इतका संकोचला की उलट तोच ह्यांची माफी मागायला लागला.

आई आणि मुलगा मात्र एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. जीपमध्ये नाही, जेवताना नाही. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली. तीस वर्षं एका छपराखाली राहून ही माणसं एका घोडीला एकमेकांपासून लपवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे सवयीने उठले, बूट चढवले आणि परसात जाऊन बंद फाटकापाशी थांबले. पलीकडे घोडे फुरफुरत होते, बादल्या वाजत होत्या. हे तिथे दगडी पायरीवर बसले. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. घोडा आजारी पडावा तसे दिसत होते हे.

इतक्यात आत्याबाई आल्या. अंगावर शाल, हातात काठी. ह्यांच्या शेजारून गेल्या, फाटकाची कडी काढली आणि गल्लीत शिरल्या. आम्ही दोघं बघतच राहिलो. बऱ्याच वेळाने परत आल्या आणि ह्यांच्याच पायरीवर, पण दोन हात लांब बसल्या.

"निम्मा दाणा ठेवलाय तिने," त्या समोर बघत म्हणाल्या. "रंगा म्हणतो काही नाही. मला तसं वाटत नाही. एक पाय सारखा उचलून धरते."

"कुठला?" हे एकदम म्हणाले.

"मागचा. डावा."

"सूज आहे? गरम लागतो का?"

"ते कसं बघतात?"

हे उठून आईच्या पुढ्यात उकिडवे बसले, तिची शाल बाजूला केली आणि तिचा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, स्वतःच्या हातात घेतला. "आधी खांद्यापाशी उभं राहायचं, मागे नाही. तिच्याशी बोलत राहायचं म्हणजे दचकत नाही. मग पाठीवर हात ठेवायचा आणि तो न उचलता असा खाली आणायचा. सावकाश. गुडघ्याखाली नळी लागते, तिथे असा तळवा ठेवायचा आणि थांबायचं. आजूबाजूपेक्षा ऊन लागलं तर तिथे दुखतंय." असं म्हणत त्यांनी आईच्या हातावरून आपला तळवा दोन-तीनदा वरून खाली नेला. आत्याबाईंनी हात काढून घेतला नाही. मी चहाचा कप उचलून आत गेले, कारण मला रडू आवरेना.

मला वाटलं, एवढंच. संध्याकाळी रंगाला निरोप धाडू, तो बघेल. पण आत्याबाई काठी टेकत उठल्या आणि पुन्हा फाटकातून गेल्या. ह्यांनी फाटकाची फळी दोन्ही हातांनी धरली होती. कायद्याने एक पाऊल पुढे टाकायचं नव्हतं, म्हणून मान तेवढी लांब करून गल्लीच्या टोकाकडे बघत उभे होते. मी खिडकीशी गेले. रंगा घोडीला बाहेर गल्लीत काढून तिचं डोकं धरून उभा होता. आत्याबाईंचं फक्त पांढरं डोकं दिसत होतं. आधी ते घोडीच्या खांद्याशी होतं, मग हळूहळू खाली जाताना दिसलं, मग दिसेनासं झालं. बराच वेळ दिसेना. घोडीने एकदा मान झटकली, आणि ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मग त्या सावकाश चालत परत आल्या. त्यांच्या तळव्याला तांबूस केस चिकटले होते. तो तळवा त्यांनी पदराला पुसला नाही, ह्यांच्यापुढे धरला.

"विश्वा," त्या म्हणाल्या, "गरम आहे."